वीस पौंडी दोरी

"ऐंशी पौंडी दोरी घाल म्हटलं ना!" राइनी होडीतून ओरडला. ओरडला असं त्याला वाटलं; हातभर अंतरावर धक्क्यावर बसलेल्या त्याच्या लेकीला, मार्लिसला, ते जेमतेम ऐकू आलं.

तिने गळाच्या रिळावर वीस पौंडी, म्हणजे वीस पौंडांचाच ताण सोसणारी पातळ दोरी गुंडाळली होती. आजारपणाने बापाच्या खांद्यातला जोर पार गेला होता. मस्कीसाठी, तळ्यातल्या त्या दांडग्या शिकारी माशासाठी, इथले लोक फेकतात ती लाकडाची जडजूड आमिषं त्याला उचलवलीही नसती. म्हणून तिने बोटाएवढा नकली मासा आणला होता, आणि एवढीशी वस्तू जाड दोरीला बांधून फेकली तर पायाशीच पडते.

"बाबा, जाड दोरीनं हे वल्ह्याच्यासुद्धा पलीकडे जायचं नाही. तुम्हाला फेकता तर आलं पाहिजे?"

"मला फेकता यावं म्हणून माशानं मरायचं? पातळ दोरीनं त्याला पटकन खेचून आणून सोडता येत नाही, खेळवत बसावं लागतं. दमून मरतो बिचारा. आणि पाणी बघ, हात घालून बघ. आंघोळीचं झालंय नुसतं, असल्या गरम पाण्यात दमलेला मासा सावरत नाही."

"लागला तर ना! दोन वर्षांत तुमच्या गळाला पाणगवताशिवाय काय लागलंय?"

टोमणा राइनीला आवडला. तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत तिने गळाची काठी त्याच्या हातात ठेवून दिली. हातात आलेली काठी परत करणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

सौदा दोघांमध्ये आधीच ठरला होता. आज तिने त्याला तळ्यावर आणायचं, सोमवारी त्याने मुकाट्याने दवाखान्यात यायचं. औषधाची आणखी एक फेरी होती. डॉक्टरीणबाई नुसतं "बघू या" म्हणाल्या होत्या, पण मार्लिसने ते दोन शब्द घट्ट धरून ठेवले होते. मागच्या खेपेला तो खुर्चीतून उठून निघाला होता, तेव्हा तिनेच त्याला खांदे धरून बसवलं होतं. "थोडंच राहिलंय, बाबा. आता आलंच."

मार्लिस होडीत उतरली आणि वल्हवत ती पाणगवतापाशी घेऊन गेली. फार वेळ फेकावंही लागलं नाही. पाणगवताच्या कडेला पाणी एकदम उसळलं आणि रीळ किंचाळायला लागलं.

"मस्की!" मार्लिस उभीच राहिली. "बाबा, केवढा आहे!"

राइनीच्या गालांवर रंग आला. कितीतरी महिन्यांनी तिने तो पाहिला आणि तिला रडूच फुटलं. मासा खोल गेला, होडीखालून पलीकडे निघाला, परत आला. जोर लावला तर दोरी तुटणार, म्हणून तो ओढील तिकडे जाऊ द्यायचं, थकला की जरा गुंडाळायची, पुन्हा जाऊ द्यायचं. किनाऱ्यावरच्या पाइनच्या सावल्या पाण्यात लांबवर पसरल्या, तरी तेच चाललं होतं. राइनी काठी मात्र देईना.

मग तो म्हणाला, "काप."

"काय?"

"दोरी काप. एवढासा गळ, पडून जाईल आपोआप. अजून जगेल तो."

कात्री तिच्या हाताशीच होती. तिने तिला हात लावला नाही.

"थोडंच राहिलंय, बाबा," ती म्हणाली. "आता आलाच."

आला. शेवटी तो स्वतःहूनच आला, कुशीवर पडून, ओंडक्यासारखा. मार्लिसने त्याला जाळीत घेतलं. राइनीने पाण्यातच पकडीने गळ काढला आणि शेपटीच्या मुळाशी मूठ आवळली. मस्कीला इथे कुणी खात नाही. त्याची शेपूट धरून त्याला पाण्यात पोट खाली करून सरळ ठेवायचा, आणि हाताला झटका देऊन तो आपणहून गेला की मगच सोडला असं म्हणायचं. राइनी माशाशी हात मिळवल्याशिवाय त्याला निरोप देत नाही, अशी गावातल्या दारूच्या गुत्त्यात त्याची थट्टा व्हायची.

त्याने मूठ सैल केली. मासा हळूच कलंडला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं.

राइनीने त्याला सरळ केलं. थांबला. पुन्हा मूठ सैल केली. पुन्हा पोट वर आलं. माशाचा जबडा मधूनमधून उघडत होता, मग तेही थांबलं.

"ऐंशी पौंडी असती तर केव्हाच घरी गेला असता," राइनी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मार्लिसला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं, बाबा. मला वाटलं, तुम्हाला..."

"माहीत आहे." त्याने कपाळ होडीच्या कडेवर टेकवलं. मग त्याच आवाजात म्हणाला, "मार्लिस, सोमवारी मी येणार नाही."

तिने ऐकलं. होडीतून ओणवी होऊन तिने बापाच्या हातातून शेपूट काढून घेतली आणि कल्ल्यांत पाणी जावं म्हणून माशाला पाण्यात पुढेमागे हलवायला लागली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. पलीकडच्या काठाने कुणाची तरी मोटारबोट गेली.

"हलली!" ती म्हणाली. "बाबा, शेपूट हलली आत्ता. बघा ना! बघा तरी!"

राइनीने मान उचलून बघितलं.

"लाट आहे ती, पोरी."