मेल्यावर हललेला हात

दार उघडताक्षणी पहिला ठोसा बसला. समीक्षकाचा चष्मा उडून चपलांच्या कपाटाखाली गेला. दुसरा ठोसा पोटात बसला आणि तो भिंतीला घासत खाली बसला.

समोर पासष्टीचा माणूस उभा होता. नाक कधीतरी मोडून वाकडंच बसलेलं, मान बैलासारखी. हातात मंगळवारच्या पेपरची घडी होती.

"‘या आठवड्याचं मरण’ लिहिणारा तूच ना?"

समीक्षकाने मान हलवली. नाही म्हणायची सोयच नव्हती. सदराशेजारी त्याचा फोटो छापलेला होता.

अकरा वर्षं तो जुन्या, स्वस्तातल्या देशी काउबॉयपटांवर लिहीत होता. फळकुटांची गावं, भाड्याचे मरतुकडे घोडे आणि टोप्या बदलून एकाच सिनेमात तीन-तीनदा मरणारी तीच ती माणसं. सदराच्या शेवटी तो सगळ्यात हास्यास्पद मरण निवडायचा. लोक सदर खालून वर वाचायचे. टिंगल तो भरपूर करी, पण पडद्यावर नसलेलं एक अक्षर लिहीत नसे. त्याचा त्याला फार ताठा होता.

या वेळचा मान छपरावरून पडणाऱ्या एका दरोडेखोराला मिळाला होता. ‘हा पठ्ठ्या मेल्यावरही हात हलवतो. बहुतेक पाणी मागत असावा!’

"तो माझा दादा होता," म्हातारा म्हणाला. "आम्ही दोघेही फायटर. मी हीरोचा डुप्लिकेट. छपरावर त्याला लाथ मीच घातली. खाली खोकी रचली होती, ती हातभर चुकली. दादा दगडावर पडला. मालकांनी तोच शॉट सिनेमात ठेवला आणि बातमी दाबली."

"मला माहीत नव्हतं हो."

"वहिनीला मी सांगितलं, जागीच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही. अडतीस वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली. मंगळवारी नातीने तुझं हे वाचून दाखवलं. तेव्हापासून तिने घास तोंडात घातलेला नाही. एकच विचारते, हात हलत होता म्हणजे जिवंत होता ना, भाऊजी?" त्याने समीक्षकाची कॉलर धरून त्याला उभं केलं. "खाली गाडीत बसलीय. चल, सांग तिला. हात हलला नाही म्हणून सांग."

"पण हलतो," समीक्षक म्हणाला. ओठ फाटला होता, तरी सवय जाईना. "मी मागेपुढे करून मोजलंय. सात वेळा हलतो. मग दृश्य तुटतं."

तिसरा फटका उघड्या पंजाचा होता. कानात शिटी वाजली. समीक्षकाने डोळे उघडले तेव्हा म्हातारा चौथ्यासाठी उगारलेला हात तसाच ठेवून जिन्याच्या खिडकीतून खाली गाडीकडे बघत होता.

समीक्षकाने ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. "चला," तो म्हणाला.

भर दुपारची वेळ होती. रस्त्यावर वर्दळ होती. गाडीच्या मागच्या सीटवर एक वाळकी, ताठ बाई मांडीवर काठी आडवी धरून बसली होती. समीक्षक खिडकीशी वाकला.

"बाई, मी थाप मारली. हात हलत नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"लोकांनी हसावं म्हणून. ते पडतात आणि पडूनच राहतात. बोटसुद्धा हलत नाही."

"आणि पाणी?"

"तेही माझंच."

"शपथ घ्या."

"आईशपथ."

बाई दार उघडून खाली उतरली आणि काठी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानावर. "माझ्या मेलेल्या नवऱ्यावर लोकांना हसवलंस? खोटं लिहून?" तिसरा मनगटावर बसला. हाड वाजलं. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. समीक्षकाने हात वर केला नाही. दिराने वहिनीला अडवलं नाही. चौथ्याने कपाळ फुटलं आणि समीक्षक रस्त्यावरच बसला. पाचव्या तडाख्याला तिचंच बळ संपलं. ती गाडीला टेकून हमसून हमसून रडली. मग पदराने तोंड पुसून आत बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "काहीतरी खायला आणा. भूक लागलीय."

म्हाताऱ्याने समीक्षकाला काखेत हात घालून उठवलं, दोन दुकानं पलीकडे नेलं आणि त्याच्या कपाळाला आपला रुमाल लावला.

"डॉक्टरकडे जाऊ या. मनगट मोडलंय तुमचं."

"जाईन मी. पुढच्या मंगळवारी चूक झाल्याचं छापतो. त्या हाताचं आता आपल्या दोघांपाशीच राहील." समीक्षक धापा टाकत होता. "तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही वर छपरावर होता. तुम्हाला कळणार तरी कसं, ते जिवंत आहेत म्हणून?"

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं. काच वर होती.

"तुमचं दृश्य जिथे तुटतं ना, तिथे मी खाली येतो," तो म्हणाला. "मी त्याला ओलांडून जायचं, खाली न बघता, असं ठरलं होतं. दादाने माझा घोटा धरला. मला वाटलं, काय झकास अ‍ॅक्टिंग करतोय. कॅमेरा चालू होता. मी पाय झटकला आणि पुढे गेलो."