अर्धी वेणी

मुलांनो, समजा तुमची आई रोज वेणी घालता घालता मध्येच थांबते, तुमचं मनगट धरते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवते आणि काही न बोलता पुन्हा वेणी घालू लागते. तुम्हाला काय वाटेल?

मखमलाबादच्या सृष्टीला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय. झेंडू घेऊन बाजारात जाणारी आई हल्ली दवाखान्यात जायची आणि कशाला, ते सांगायची नाही. त्यात परवा न मागता दुसरा लाडू मिळाला, तेव्हा तर सृष्टीची खात्रीच पटली.

आज आईने मनगट धरताच तिने हात ओढून घेतला. "आई, खरं सांग. मला काय झालंय?"

"तुला? तुला काय धाड भरलीय?"

"मग रोज माझी नाडी का बघतेस?"

आईने पिशवीतून पांढरा गणवेश काढला. "दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शाळेत नाव घातलंय. वर्गातल्या पोरी माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांना लगेच जमतं, माझी मोजणी चुकते. उद्या बाईंसमोर परीक्षा हाय. नाय जमलं तर लोक हसतील, म्हणून बोलले नाय कुणाला."

सृष्टी म्हणाली, "पण मी तर नुसती बसलेली असते. आजारी माणसाची नाडी अशी सावकाश चालते होय?"

ती उठली, अर्ध्या वेणीनिशी झेंडूच्या वाफ्यांभोवती दम लागेपर्यंत धावली आणि धापा टाकत आईपुढे हात धरला.

"आता मोज."