ऐलतीर पक्षाची शेवटची बैठक

“पक्ष बंद करू या,” अध्यक्ष म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

खुर्ची दंतवैद्याची होती. रविवारी सकाळी दवाखाना बंद असे, तेव्हा ऐलतीर पक्षाची बैठक तिथेच भरे. पक्ष म्हणजे एकूण पाच डोकी. अध्यक्ष, दंतवैद्य, शिंपीणबाई, एक निवृत्त ड्रायव्हर आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर घड्याळजी.

घड्याळजीला हे परवडणारं नव्हतं. पक्ष बंद झाला की त्याची फाइल बंद, आणि फाइल बंद झाली की बदली. तो पोलिसांच्या गुप्त शाखेचा माणूस होता. घड्याळांचं दुकान हे नुसतं सोंग, आणि तेही असं वठलेलं की त्या दुकानात दोन घड्याळांचं कधी एकमत नसे.

बदली त्याला नको होती. त्याच्या एकुलत्या एका लेकीने नुकतंच नदीपलीकडच्या मुलाशी लग्न केलं होतं आणि दोघं पुलाजवळच्या गल्लीत राहत होती. ऐलतीर पक्षाचं म्हणणं तर एकच, नदीपलीकडून आलेल्यांना हाकला. ही चार टाळकी आपल्या नजरेखाली आहेत तोवर लेकीच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

म्हणून तो घाईघाईने म्हणाला, की एवढ्यात हातपाय गाळू नका, आपल्याकडे चांगली घोषणा नाही म्हणून लोक येत नाहीत. आणि बसल्या बसल्या त्यानेच एक जुळवून दिली.

“पलीकडचे पलीकडेच!”

नवल म्हणजे बाकीचे लगेच तयार झाले. जणू कोणी तरी ‘बंद नको’ म्हणायचीच वाट बघत होते. शिंपीणबाईंनी पाच करडे सदरे शिवले. ड्रायव्हरने घोषणा भिंतींवर रंगवली. दंतवैद्याने पत्रकं लिहिली आणि दाढ काढता काढता पेशंटांना ऐकवली. तोंडात चिमटा असताना वाद घालायची कोणाची टाप होती? अध्यक्षांना तर कंठच फुटला.

माणसं मात्र कमालीची शिस्तीची. वर्षभरात एकाचीही दांडी नाही. सगळे वह्या उघडून शब्दन् शब्द टिपून घ्यायचे. घड्याळजीला त्याचीच धास्ती वाटे. एवढी निष्ठा त्याने सरकारी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती.

नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्षाला तीसेक मतं पडतील, असं त्याने वर कळवलं होतं. पडली सहा हजार.

त्या आठवड्यात तो लेकीकडे जेवायला गेला. तिला सातवा महिना होता. जावयाला कामावरून काढल्याचं तिने वाढता वाढता सांगितलं. मालकाने काही कारण दिलं नव्हतं, नुसतं समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं.

“हे लिहितं तरी कोण, बाबा?”

“असतील चार रिकामटेकडे,” तो म्हणाला. आता हे थांबवायचंच, असं ठरवून तो रविवारी बैठकीला गेला.

अध्यक्षांनी अभिनंदनाच्या ठरावाच्या प्रती वाटल्या. घड्याळजीच्या हातात आलेला कागद ठरावाचा नव्हता. वर तारीख, डावीकडे हजर माणसं, उजवीकडे धोक्याची पातळी. असाच छापील फॉर्म तो स्वतः दर सोमवारी भरत असे. त्यात त्याच्याविषयी लिहिलं होतं, खरा मेंदू हाच, धोका गंभीर.

त्याने कागद परत केला. अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला.

“घाबरू नका,” घड्याळजी हळूच म्हणाला. “हा फॉर्म मीही भरतो.”

दंतवैद्य सीमा खात्याचा निघाला. ड्रायव्हर लष्कराचा. शिंपीणबाई गृहखात्याच्या, त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मग सगळेच हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. वर्षभर पाच पहारेकरी एकमेकांवर पहारा करत होते. पक्षात पक्षाचा असा माणूसच नव्हता.

घड्याळजीच्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं. लेकीला कोणाचं भय उरलं नव्हतं. पक्ष आजपासून बरखास्त, असा ठराव त्याने स्वतः लिहिला आणि पाचही जणांनी त्यावर सह्या केल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून गलका ऐकू आला. दंतवैद्याने खिडकी उघडली.

रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत करड्या सदऱ्यांनी भरला होता. पुढच्यांच्या हातांत काठ्या होत्या आणि रॉकेलचे डबे. घोषणा घड्याळजीचीच होती.

“मी पाचच शिवले होते हो,” शिंपीणबाई पुटपुटल्या.

घड्याळजी कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकला. “परत फिरा! पक्ष बंद झालाय! आम्ही बंद केलाय!”

सगळ्यात पुढे चालणाऱ्या माणसाने मान वर करून पाचही चेहरे एकेक करून पाहिले.

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता तो पुलाजवळच्या गल्लीत वळला.