ब्रॅकेटवरचा हत्ती

"सांगितलं तर थाप वाटेल तुम्हाला," ड्रॉइंगवाल्या काकांनी डबा उघडायच्या आधी तोंड उघडलं, "पण पंख्याचं वजन पेलणाऱ्या आपल्या ब्रॅकेटवर आज मी अख्खा हत्ती बसवला. कॉम्प्युटरवर! हत्ती डुलला, पण ब्रॅकेट केसभर वाकला असेल तर शपथ!"

चार वाजता साहेब निकाल बघायला येणार होते. कॉम्प्युटरवर वजन लादून भाग तपासायचं हे नवं काम काकांना जमलं तर ठीक, नाहीतर टेबल सोडून गोदामात. त्यामुळे काकांचा घास हातातच राहत होता आणि नजर सारखी घड्याळाकडे पळत होती.

"मग पुढे?" सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या पोरीनं विचारलं. काका तिला मास्तरीणबाई म्हणत.

"पुढे काय, कॉम्प्युटरलाच घाम फुटला! म्हणाला, काका, हात जोडतो, आता दुसरा हत्ती नको."

सगळे खो खो हसले. ती हसली नाही.

"आणि ब्रॅकेट भिंतीला कुठे धरलात?"

"धरायचा कशाला? अधांतरी ठेवला. आपल्या हातचा माल तो, पडतोय कसला!"

मास्तरीणबाईंनी चमचा खाली ठेवला.

"काका, कुठेतरी घट्ट धरल्याशिवाय कॉम्प्युटरला ते गणित सुटतच नाही, तो नुसती चूक दाखवतो. चुकेल या भीतीनं तुम्ही सकाळपासून गणित सोडवायचं बटण दाबलेलंच नाही!"