टेकडीवरचा जर्मन

टेकडीवर देव असला की पायताण खाली काढायचं, हे मला शाळेत न जाता कळतं. म्हणून अमेरिकेतल्या त्या उंच पुतळ्याच्या पायरीशी मी चपला काढल्या.

"आई, हा देव नाही. जर्मनीहून आलेल्या लोकांनी आपल्या जुन्या योद्ध्याचा पुतळा उभारलाय. चपला घाल, लोक बघतायत," मुलगा पुटपुटला.

"बघू देत. परमुलखात येऊनही ते आपला माणूस विसरले नाहीत. तू तर पोरीला गावाचं नावसुद्धा सांगितलं नाहीस!"

महिनाभर माझ्यापासून लांब लांब राहणारी नात ऐकत होती. तिकीटवाल्या गोऱ्या म्हाताऱ्यानं माझ्या अनवाणी पायांकडं बघून तिला काहीतरी विचारलं. तिनं उत्तर देताच त्यानं टोपी काढून मला मान लववली.

"काय सांगितलंस गं?"

"आमच्या गावाला असंच अनवाणी वर चढतात, असं सांगितलं. मग त्यांनी गावाचं नाव विचारलं, ते मला येईना." तिनं बूट काढून माझ्या चपलांशेजारी ठेवले. "सांग ना, आजी."

वर पोचेपर्यंत गावाचं नाव, नदी, तिचा बाप पडला ते चिंचेचं झाड, सगळं सांगून झालं. मागं बघते तर आमचे चिरंजीव तिघांचीही पायताणं हातात घेऊन अनवाणी चढत होते.