टाकळ्याची भाजी

विद्याधररावांनी अर्धी भाकरी क्षमाच्या ताटात सरकवली. "पोट भरलं. तू खा," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. टाकळ्याच्या भाजीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

त्यांच्या कंपनीला टाळं लागून वर्ष होत आलं होतं. चारकोपच्या त्या दोन खोल्यांत तेव्हापासून विकतची भाजी आली नव्हती. क्षमाने रंगाच्या रिकाम्या डब्यांत मायाळू लावला, फोडणीचे मेथीदाणे पेरून मेथी काढली, मोरीच्या पाण्यावर अळू वाढवलं. पावसाळ्यात ती आठवड्यातून दोनदा आरेच्या जंगलात जायची आणि टाकळा, कुर्डू खुडून पिशवी भरून आणायची. माहेर कुडाळचं, खायचा पाला कुठला आणि गुरांचा कुठला, हे तिला शिकवावं लागलं नाही. शेजारच्या रत्नप्रभाताईंनी विचारलं, तेव्हा ह्यांना पथ्य आहे म्हणून तिने वेळ मारून नेली.

मुलाकडे मागायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी ओजसने परस्पर कोर्टात जाऊन तेजलशी लग्न केलं. त्या दिवशी विद्याधररावांनी बायकोला देवासमोर उभं केलं. त्या घराची पायरी चढलीस, तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाले. क्षमाने मुलाचा मालाडचा पत्ता पाठ केला आणि शपथ पाळली. ओजसने फोन केला नाही, तिनेही केला नाही.

विद्याधरराव रोज बाराला वाचनालयात जायचे, चारला परतायचे आणि रात्री दोन घास खाऊन उठायचे. आपल्याला पुरावं म्हणून माणूस उपाशी राहतोय, हे कळत असूनही तिच्याने काही करवत नव्हतं. अलीकडे त्यांचे गाल फुगल्यासारखे दिसत होते. उपासाने सूज चढते, हे तिने लहानपणी ऐकलं होतं. त्या भीतीने तिची झोप उडाली.

गुरुवारी ते बाहेर पडल्यावर तिने देवापुढे हात जोडले, शपथ मोडते म्हणून माफी मागितली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून अळूची चांगली पानं कापून घेतली आणि मालाडची बस धरली. बसमध्ये ती बोलायचं ते मनाशी घोकत राहिली.

तेजलने दार उघडलं, तेव्हा तिच्या हातात भाताचा डाव होता. सासू-सून पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या होत्या. क्षमाने अळू पुढे केलं आणि श्वास न घेता बोलून टाकलं.

"मी सासू गं तुझी. माझ्यासाठी नाही आले. ओजसच्या बाबांच्या पोटात अन्न नाही. त्यांना एक वेळचं तरी पोटभर मिळू दे. मी आलेले त्यांना सांगू नकोस."

तेजलने अळू घेतलं. मग आत वळून, जेवणाच्या टेबलाकडे बघत म्हणाली, "बाबा, आई आल्यात. तुम्ही तर रोज सांगता, त्यांना आमचं तोंडही बघायचं नाही म्हणून."