दुकान वाढवले आहे

अक्कलकोटच्या दाक्षायणीबाईंनी मोबाइल गल्ल्यावर ठेवला आणि चनमल्लप्पांच्या पुढ्यात सरकवला.

"वाचा अण्णा. मोठ्यानं वाचा."

नवी पेठेतलं लग्नसामानाचं हे दुकान चनमल्लप्पांच्या आजोबांपासूनचं. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि "शिवा शिवा" एवढंच म्हणाले. शेवटी कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या ऋतुजानं वाकून बघितलं.

'कुंकू संपले.'

'मंगळसूत्र सापडले नाही.'

"लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलंय," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "तुमच्या साइटवर विचारलं तर हे उत्तर. सासूबाईंनी तवापासनं पाण्याचा घोट घेतला नाही."

साइट ऋतुजाची. पुण्यातली नोकरी सोडून परतल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलंच काम, आणि हे जमलं तर लायनीतली आणखी तीन दुकानं तिला मिळणार होती. गिऱ्हाइकानं फोनवरून विचारलं की ती विनंती सर्व्हरवर पोचायची, ऋतुजाचा कोड साठा बघायचा आणि उत्तर धाडायचा. माल असला तर 'आहे, या'. नसला तर वस्तूचं नाव आणि पुढं 'संपले'. यादीतच नसेल तर 'सापडले नाही'. महिनाभर घासून तिनं ते बिनचूक केलं होतं. कुंकवापुढं 'संपले' बसलं की काय होतं, ते तेवढं तपासायचं राहिलं होतं.

दाक्षायणीबाईंना चहा पाजून, आतल्या डब्यातलं स्वतःच्या घरचं कुंकू देऊन चनमल्लप्पांनी वाटेला लावलं. मग ते ऋतुजाकडं वळले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"पोरी, कुंकू कधी संपत नसतंय. कुंकू वाढतंय. चुडा वाढतोय. घरात शिकवलं नाही का?"

"शिकवलं की अण्णा. कोड लिहिताना डोक्यात नाही आलं."

"मग आता आण. आणि दुपारच्याला 'दुकान बंद आहे' असं कोण लिवलंय? बंद पडतंय ते वैऱ्याचं दुकान. आपण दुकान वाढवतो."

ऋतुजानं सर्व्हरवरची सगळी उत्तरं उघडली. जिथं 'संपले' तिथं 'वाढले', जिथं 'बंद' तिथं 'वाढवले'. दहा मिनिटांत काम झालं. दोन वाजता चनमल्लप्पा शटर ओढून जेवायला आणि वामकुक्षीला गेले.

चारला शटर वर गेलं तेव्हा बाहेर सात-आठ माणसं उभी होती. दोघी तर आत येऊन चारी भिंतींकडं बघायला लागल्या.

"कुठल्या बाजूला वाढवलंय?" एकीनं विचारलं.

त्यांच्या मागं पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ होता. त्यानं नमस्कार केला, मोबाइल दाखवला. 'दुकान वाढवले आहे.'

"मी अतिक्रमण विभागात असतो," तो म्हणाला. "आलो होतो पोरीच्या लग्नाचं सामान घ्यायला. पण तुम्ही लेखीच कळवलंय म्हटल्यावर बघावं लागतंय."

"साहेब, तसं वाढवलं नाही हो," चनमल्लप्पा म्हणाले. "वाढवलं म्हणजे बंद केलं होतं."

"मग आता उघडं कसं?"

ऋतुजा मधे पडली. सर्व्हर, विनंती, उत्तर, 'बंद'ऐवजी 'वाढवले' म्हणायची जुनी रीत, सगळं तिनं समजावून सांगितलं. साहेबानं मान डोलावत ऐकलं आणि ऐकता ऐकता बॅगेतून टेप काढला. भिंतीपासून पायरीच्या टोकापर्यंत धरला.

"नऊ इंच गटारीवर आलीय."

"ही पायरी वडिलांच्या काळातली हाय, साहेब."

"असंल की. पण वडिलांनी कळवलं नव्हतं. तुम्ही कळवलंत."

त्यानं पायरीवर खडूनं रेघ ओढली, काढायला पंधरा दिवस दिले, आणि ती रेघ जपून ओलांडत आत येऊन हळद, सुपाऱ्या, बाशिंगं घेतली. अर्धा तास घासाघीस केली.

तो गेल्यावर चनमल्लप्पा पायरीवरच्या रेघेकडं बघत बसले. ऋतुजाला शेजारची तीन दुकानं दिसेनाशी व्हायला लागली.

"अण्णा, मी नीट दुसरे शब्द बघते."

"शब्दच नकोत," ते म्हणाले. "बोललं की मानगुटीवर बसतंय. माल नसला की माझे वडील काय करायचे? गिऱ्हाइकाला नुसते हात जोडायचे. तुझ्या मशीनला हात जोडता येतात का?"

येत होते. सर्व्हरला काय, उत्तर हवं, त्यात अक्षर हवंच असं नाही. तिनं सगळी 'वाढले', 'वाढवले' आणि 'सापडले नाही' पुसली आणि त्यांच्या जागी जोडलेल्या हातांचं चित्र बसवलं. मग आपल्याच फोनवरून कुंकवाची विनंती पाठवून बघितली. टिंग वाजलं. दोन हात, जोडलेले, बाकी काही नाही.

चनमल्लप्पांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे बेस झालं. ह्यात कोण काय दोष काढील?" आणि शेजारच्या निंगप्पांना हाक मारून ते म्हणाले, "ह्या पोरीला काम दे. समजदार हाय."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. हात गुलालानं माखलेले, म्हणून चनमल्लप्पांनी ऋतुजाला स्पीकर लावायला सांगितलं. पलीकडं माळशिरसचा मायाप्पा होता. देवाच्या भंडाऱ्याची पोती तो वर्षानुवर्षं इथूनच न्यायचा. मागं जीप घरघरत होती.

"शेठ, भंडारा हाय का म्हून इचारलं, तर तुमी नुसतं हात जोडल्यालं धाडलं. तवाच वळाकलं." मायाप्पा हळू आवाजात म्हणाला. "लई वाईट झालं. कोन गेलं ते आता फोनवर सांगू नका. दोन जीपा भरून निघालोय. फकस्त आमी पोचल्याबिगर उचलू नका."